खुलासा कशाचा मागायचा?

पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाला माझ्याबरोबर येणारी नवी मुलं दोन जातींची असतात. एका जातीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांचा ताळा, जुळली की सगळं गोड दिसतं. दुसरी जात प्रत्येक व्हाउचरवर तांबडी खूण करते आणि शेऱ्यात ‘खुलासा मागवावा’ लिहून मोकळी होते. हे दोन शब्द लिहायला काही लागत नाही, पण पलीकडे बसलेल्या लेखापालाचे त्यात दोन दिवस जातात. म्हणून खुलासा मागण्याआधी काय करायचं, हे मी त्यांना पहिल्यांदा शिकवते. माझ्या पद्धतीतलं निम्मं किर्द-खतावणीतून आलंय आणि निम्मं तत्त्वज्ञानाच्या वाचनातून. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ म्हणायचा की पुरेशा कारणावाचून काहीच घडत नाही. असेल बुवा. पण कारण असणं वेगळं आणि ते विचारत बसण्याजोगं असणं वेगळं.

विरळ आकड्याला घाबरू नका

पिग्मी एजंटाची, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्याची, एका दिवसाची जमा ७,७७७ रुपये. नव्या मुलाची तांबडी खूण हमखास इथे पडते. मी विचारते, ७,७७७ लिहून कोणाला काय मिळणार आहे? गप्प. आता पलीकडच्या दिवसाची जमा बघ, ७,४१२. तीही नेमकी तेवढीच यायची शक्यता फार नाही, पण तिथे तुझी नजर अडली नाही. नाणं दहा वेळा उडवा. दहाही वेळा छापा येण्याची शक्यता १०२४ मध्ये १, आणि छापा-काटा-काटा-छापा असा दुसरा कोणताही ठरावीक क्रम येण्याची शक्यताही नेमकी तितकीच. मग सगळे छापे आले की आपण नाणं उलटून का बघतो? कारण तिथे दुसरी एक गोष्ट तयार उभी असते: नाण्याला दोन्हीकडे छापाच असेल. पॉल हॉर्विच या तत्त्वज्ञाने १९८२ साली साधारण हेच मांडलं. घटना दुर्मीळ आहे एवढ्याने भागत नाही. जिच्यामुळे ती घटना अगदी अपेक्षित ठरेल, अशी दुसरी पटण्याजोगी शक्यता हाताशी हवी.

आता विनातारण कर्जांच्या रजिस्टरला या. शाखाधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने ५०,००० पर्यंत मंजुरी देता येते, त्यावरचा अर्ज कर्ज समितीकडे जातो. पानावर ओळीने ४९,०००, ४८,५००, ४९,५००, ४९,०००. यातला एकही आकडा ७,७७७ सारखा डोळ्यांत भरत नाही. पण गरज एकाच माणसाची दोन लाखांची आणि नावं चार, ही दुसरी गोष्ट इथे उंबऱ्यावर उभी आहे. मग पत्ते बघायचे. जामीनदार एकमेकांचेच आहेत का बघायचं. रक्कम उचलल्यावर पुढे कोणत्या खात्यात गेली ते बघायचं. तांबडी खूण इथे.

तेव्हा हातात पेन्सिल घेऊन दोन ओळी लिहा. पहिली: सगळं नेहमीसारखं असेल तर असं कितपत दिसेल? दुसरी: माझ्या मनातली दुसरी गोष्ट खरी असेल तर कितपत दिसेल? दुसरी ओळ कोरी राहिली तर पान उलटा. आणि ती ओळ आकडा बघून शिवू नका. ‘कोणाला तरी नेमके ७,४१२ च हवे असतील’ असं मागाहून कशाहीबद्दल म्हणता येतं. रजिस्टर उघडण्याआधी जी शंका तुम्ही गंभीरपणे घेतली असती, तीच चालेल.

‘नेहमीसारखं’ म्हणजे किती?

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

जॉन आर्बथनॉट हा इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचा डॉक्टर. त्याने लंडनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या, १६२९ ते १७१०, एकूण ८२ वर्षं. प्रत्येक वर्षी मुली कमी, मुलगे जास्त. एकही वर्ष उलटं नाही. त्याने ‘नेहमीसारखं’ म्हणून निम्मे-निम्मे धरलं. मग ८२ वर्षं सलग मुलगेच जास्त येणं म्हणजे ८२ वेळा छापा. ती शक्यता एवढी लहान, की छेदात ४८ वर २३ शून्यं द्यावी लागतात. आर्बथनॉटने निष्कर्ष काढला की ही ईश्वराची योजना आहे: पुरुष बाहेरच्या धोक्यांत जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो. जाता जाता त्याने बहुपत्नीत्व निसर्गाविरुद्ध आहे असंही ठरवून टाकलं.

निकोलस बर्नुली या गणितज्ञाने हे वाचलं आणि हिशेब पुन्हा मांडला. समजा ३५ बाजूंचा फासा आहे, १८ बाजूंवर मुलगा, १७ वर मुलगी. दर वर्षी तो हजारो वेळा टाकायचा. मग मुलगे दर वर्षी जास्त येणारच, आणि वर्षावर्षातले चढउतारही त्या फाशाला शोभतील असेच निघतात. ८२ वर्षांचा चमत्कार तिथेच संपला. उरला तो छोटा प्रश्न: फासा १८ ला १७ असा किंचित कललेला का? हा प्रश्न खरा आहे, जीवशास्त्राचा आहे, आणि आर्बथनॉटच्या प्रश्नापेक्षा कितीतरी सुटण्याजोगा आहे. खुलासा मागण्याची खरी गरज बहुतेक वेळा अशी आक्रसत जाते. आक्रसू द्या तिला.

हीच पट्टी आता आपल्याकडे लावा. नैसर्गिक जन्मात १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. हजाराला हजार ही पट्टी धरलीत तर जगातला जवळपास प्रत्येक देश संशयित. उलट २०११ च्या जनगणनेतल्या हरियाणाच्या ८३४ ची पट्टी धरलीत तर शून्य ते सहा वयोगटातलं महाराष्ट्राचं ८९४ बरं वाटायला लागतं. खरी पट्टी ९५२ च्या आसपासची, आणि तिच्याशेजारी १९९१ चं महाराष्ट्राचं ९४६ ठेवलं की कळतं, वीस वर्षांत काहीतरी झालं. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७. इथे दुसरी ओळ कोरी नव्हतीच: सोनोग्राफी करून गर्भाचं लिंग बघणं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, केंद्राचा १९९४ मध्ये आला. ‘देवाची मर्जी’ हे उत्तर लंडनच्या आकड्यांना चाललं होतं, बीडच्याही चाललं असतं, आणि आकडे उलटे असते तरी चाललं असतं. या उत्तराची अडचण तीच आहे.

ढीग दिसला म्हणून दचकू नका

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण लंडनवर जर्मनांचे उडते बॉम्ब पडत होते. काही भागांत भराभर, काही भागांत एकही नाही. लोकांची खात्री पटली की नेम धरून मारा चाललाय. आर. डी. क्लार्क या विमा क्षेत्रातल्या गणितज्ञाने तो प्रदेश पाव चौरस किलोमीटरच्या ५७६ चौकोनांत विभागला आणि ५३७ बॉम्ब मोजले. निव्वळ योगायोगाने पडले असते तर सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवे होते. प्रत्यक्षात राहिले २२९. एक बॉम्ब पडलेले २११ अपेक्षित, सापडले २११. चार पडलेले ७ अपेक्षित, सापडले ७. १९४६ साली त्याने हे छापलं. एकाच चौकोनात चार बॉम्ब पडले म्हणजे कोणीतरी ठरवून टाकले, असं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि फांद्या पुष्कळ असल्या की ती पुष्कळदा पडते. एकाच शाखेत दोन महिन्यांत तीन चेक परत आले तर आधी विचारा, एकूण शाखा किती आणि चेक किती.

सुटी नोंद नको, जोडी बघा

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे जुने तत्त्वज्ञ, यांच्या उदाहरणातला देवदत्त तुम्हाला माहीत असेल: लठ्ठ आहे, पण दिवसा जेवत नाही. लठ्ठ माणसं जगात पुष्कळ, त्याचा खुलासा कोण मागतो? दिवसा न जेवणारेही असतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आल्या की मात्र तिसरी नोंद कुठेतरी लपली असली पाहिजे. रात्री जेवतो. लेखापरीक्षणात मला आजवर जे काही हाती लागलं, ते बहुतेक असंच. शाखेची रोख शिल्लक मोठी, यात काही नाही. शाखेने एखाद्या दिवशी मुख्य कार्यालयाकडे रोख मागितली, यातही काही नाही. दोन्ही एकाच तारखेला असतील तर तिजोरी उघडून नोटा मोजायच्या.

आणि हो, तपासायला घेतलेले कागद कोणी निवडले ते विचारा. शाखाधिकाऱ्याने काढून दिलेल्या पंचवीस फायली निर्दोष निघाल्या, तर त्याला कसलाच खुलासा लागत नाही.

कुठे सोडून द्यायचं

अग्नी उष्ण, पाणी थंड. हे कोणी रंगवलं? चार्वाकांचं उत्तर: कोणी नाही, तो त्यांचा स्वभाव. मला हे उत्तर आवडतं, पण फार लवकर देऊ नये. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबात चालत्या गाडीला सतत कोणीतरी ढकलणारा लागत होता. १६८७ मध्ये न्यूटनने सांगितलं की सरळ रेषेत एकाच वेगाने जाण्याला कारण लागत नाही, बदलाला लागतं. प्रश्न एका रकान्यातून दुसऱ्यात गेला. केप्लरने १५९६ मध्ये विचारलं, ग्रह सहाच का? आणि पाच सुसम घनाकृती सहा ग्रहांच्या मध्ये बसवून सुंदर उत्तरही दिलं. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस सापडला आणि प्रश्नच रद्द झाला. याउलट वस्तू हलवायला जड आणि उचलायला जड, ही दोन वजनं नेमकी सारखी का? न्यूटनने सोनं, चांदी, काच, मीठ, अगदी गहूसुद्धा लंबकाला टांगून ती सारखीच असल्याचं तपासलं. पुढे दोन शतकं बहुतेकांनी ते तसंच चालवून घेतलं. आइन्स्टाइनने १९०७ मध्ये तिथे बोट ठेवलं, आणि १९१५ पर्यंत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला.

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट लांब, म्हणून दोघं आकाशात एकाच आकाराचे दिसतात. डोळ्यांत भरावं असं आहे. पण चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय, पुढे कधीतरी खग्रास ग्रहण दिसणारच नाही, आणि माझी दुसरी ओळ कोरीच राहते. याला मी ७,७७७ च्या रांगेत बसवते.

लाइबनिझचा मोठा प्रश्न, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा मात्र मला कुठेच बसवता येत नाही. काहीच नसणं हे जास्त सोपं, असं तो म्हणतो. म्हणजे त्याच्या पहिल्या ओळीत ‘नेहमीसारखं’ म्हणजे शून्य. पण विश्वांचं रजिस्टर कोणी पाहिलंय? खातं ठरत नाही अशी रक्कम अनामतमध्ये टाकतात, तसा मी तो टाकलाय.

आलेला खुलासा वाचताना

सहकारात एकच खुलासा सर्वत्र चालतो: ‘नजरचुकीने राहून गेले, यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ तो तसाच्या तसा दोषदुरुस्ती अहवालात चिकटवू नका. नजरचूक खरी असेल तर ती दोन्हीकडे होते. कोणाला व्याज जास्त लागतं, कोणाला कमी. म्हणून व्याज आकारणीतल्या सगळ्या चुका एका कागदावर उतरवा, शेजारी खातेदाराचं नाव लिहा, आणि संचालकांच्या घरच्या खात्यांसमोर बरोबरची खूण करत जा. चुका सगळ्या कमी व्याजाच्याच आणि खुणा सगळ्या ओळींना, असं झालं तर तो कागद जोडून दुसरा खुलासा मागवा.