पाणी भरून झालं की वचन: रोजच्या बायबल अभ्यासाची घडी कशी बसवावी

रोज बायबल वाचायचा निश्चय बहुतेकांचा 1 जानेवारीला होतो आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आसपास मोडतो. तिथे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पुढे लेवीय या तिसऱ्या पुस्तकात यज्ञांचे नियम येतात. दोष मात्र त्या अध्यायांचा नाही, हिशेबाचा आहे. 66 पुस्तकांच्या बायबलात 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त. घरात लग्न निघालं, मूल तापानं फणफणलं, चार दिवस गेले, की तेरा अध्यायांची थकबाकी डोक्यावर. मग नुसती पानं उलटली जातात आणि आठवड्याभरात पुस्तक कपाटात जातं. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, म्हणजे हा बोजा आणखी वाढतो. पहिल्या वर्षी अख्खं बायबल संपवायचं मनातच आणू नका.

मार्कापासून सुरुवात करा. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं हे सर्वांत छोटं: 16 अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचनं. रोज 12 ते 15 वचनं घेतली तर सात आठवड्यांत होतं. छापील प्रतीत बहुधा प्रत्येक प्रसंगावर मथळा असतो. एका मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंत तो त्या दिवसाचा भाग समजा. वेळापत्रकात तारखा घालू नका, फक्त भागांची यादी करा आणि झालेल्या भागावर टिक करा. तारीख नसली की थकबाकी उरत नाही.

वेळ घड्याळावर ठरवली की ती हुकते. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला ती बांधा. मुंबईत ज्यांच्या नळाला पहाटे ठरावीक वेळीच पाणी सुटतं, त्यांना गजराची गरज नाही: पाणी भरून झालं, नळ बंद केला, की बायबल उघडायचं. कुणाचं हे काम मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवणं असेल, कुणाचं रात्रपाळीहून आल्यावरची आंघोळ. पहाटेचीच वेळ पवित्र, असा आग्रह नको. जागा मात्र एकच ठेवा. घर एका खोलीचं असेल तर खिडकीजवळची खुर्ची चालते, गॅलरी चालते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ही वीस मिनिटं हाक मारायची नाही.

लोकलमधला वेळ अभ्यासात धरू नका. विरार फास्टमध्ये एका हातानं कडी धरून समांतर वचनं, म्हणजे तोच प्रसंग सांगणारी इतर पुस्तकांतली वचनं, शोधता येत नाहीत. तिथे सकाळी वाचलेलाच भाग कानाला लावून पुन्हा ऐकावा. मराठी बायबलचा ऑडिओ मोबाईलवर मिळतो, आणि दुसऱ्यांदा ऐकताना सकाळी निसटलेला शब्द हमखास सापडतो.

अभ्यासासाठी छापील प्रत घ्या. मोबाईलच वापरायचा असेल तर भाग उघडून आधी एअरप्लेन मोड लावा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर पहिला सुप्रभात आला की मन गेलं. सोबत रेघांची वही आणि साधी पेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पसरते.

आता ती वीस मिनिटं. दोन मिनिटं प्रार्थना. लांबलचक नको, ‘प्रभू, मला समजू दे’ एवढीही पुरे. मग भाग एकदा मोठ्यानं वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्या: कोण बोलतंय, कोणाशी, कुठे, याखाली रेघ, अडलेल्या शब्दाला गोल. तिसऱ्या वाचनानंतर वहीत तीन ओळी लिहा: काय घडलं, मला काय खटकलं, आज काय करायचं. हाच क्रम पाळा. बहुतेक जण थेट तिसऱ्या ओळीवर उडी मारतात आणि मग रोज तोच बोध लिहिला जातो, कारण तो मजकुरातून आलेला नसतो, आपल्या मनात आधीपासूनच असतो.

मार्क 2:1–12, म्हणजे दुसऱ्या अध्यायातली पहिली बारा वचनं, घ्या. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला बाजेसकट खाली सोडतात. मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पत्रा येतो, नाहीतर स्लॅब, आणि प्रसंग अशक्य वाटतो. तिथली सपाट छपरं वाश्यांवर फांद्या आणि माती थापून केलेली असत. ती उकरता येत. आता पाचव्या वचनावर थांबा. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे आहे. अनेकवचन. खाटेवरच्या माणसानं तोपर्यंत तोंडही उघडलेलं नाही. मग समांतर वचनं उघडा: लूक 5:19 मध्ये कौलांचा उल्लेख येतो, तर मत्तय 9 मध्ये छपराचा मुद्दाच नाही, पण ‘त्यांचा विश्वास’ तिघांतही आहे. एका सकाळसाठी एवढं भरपूर झालं. आणि तिसरी ओळ आपोआप सुचते: आज मी कोणाच्या बाजेचा एक कोपरा धरणार आहे?

दुसऱ्या दिवशीचा भाग लेवी नावाच्या जकातदाराचा. तो जकातीच्या नाक्यावर बसलेला असतो. 2017 मध्ये बंद झालेली मुंबईतली जकात आठवते, पण लोक त्याच्यासारख्यांना पापी का म्हणत, ते कळत नाही. लूक 3:13 बघा: ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, असं बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना बजावतो. हा शब्द का चिकटला, ते तिथे उलगडतं. मराठी बायबलात ‘शास्त्री’, ‘परूशी’, ‘जकातदार’ हे शब्द सारखे येतात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची यादी करत जा.

एक चूक फार खोलवर रुजली आहे: एकच वचन तोडून घेणं. फिलिप्पैकरांस पत्र 4:13, सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे कॅलेंडरांवर, रिक्षांच्या मागे दिसतं आणि परीक्षेच्या दिवशी पाठ केलं जातं. आधीची दोन वचनं वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासातून लिहितोय की भरलेल्या पोटी आणि उपाशीही राहायला तो शिकलाय. हे सामर्थ्य जिंकण्याचं नसून उणिवेत टिकून राहण्याचं आहे, आणि महिनाअखेरीला हात आखडलेल्या घराला त्याचीच गरज असते. म्हणून कुठलंही वचन मनात धरण्याआधी मागची पाच आणि पुढची पाच वाचायचीच.

आठवड्यातून एकदा तोच भाग दुसऱ्या भाषांतरात वाचा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ रोजच्याला असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जोडीला ठेवा. शब्द वेगळे दिसले की नेमका प्रश्न तयार होतो. तो रविवारी उपासना किंवा मिस्सा संपल्यावर पाळकांना, फादरांना विचारा. कॅथलिकांनी शनिवारी संध्याकाळी रविवारचं शुभवर्तमान आधीच वाचून जावं. ही वाचनं तीन वर्षांच्या चक्रात मुख्यतः मत्तय, मार्क, लूक अशी फिरतात.

मार्क झाल्यावर फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय. मग स्तोत्रं 120 ते 134. 119वं स्तोत्र मात्र त्यांच्या मागाहून घ्या, ते 176 वचनांचं आहे. उत्पत्ती त्यानंतर.

खंड पडेल. पडलेला भाग भरून काढू नका, जिथे होता तिथूनच पुढे चला. सलग दोन दिवस मात्र सोडू नका. अगदीच त्राण नसेल त्या दिवसासाठी छोटी स्तोत्रं राखून ठेवा: 117 दोनच वचनांचं, 131, 133 आणि 134 प्रत्येकी तीन. 134 तर परमेश्वराच्या घरात रात्री उभं राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. इस्पितळात, टोलनाक्यावर, कॉल सेंटरमध्ये रात्र काढणाऱ्यांनी ते पाठच करावं.