आवाजाची तक्रार टिकेल अशी कशी करावी

माझा पहिला अर्ज चार ओळींचा होता. मागच्या इमारतीच्या गच्चीवर बसवलेल्या एसीच्या मोठ्या युनिटचा रात्रभर असह्य आवाज येतो, मुलगी दचकून उठते, कृपया कारवाई करावी. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तपासणीला माणूस आला तो सकाळी अकरा वाजता, युनिट बंद असताना. त्याने ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारला आणि प्रकरण मिटलं. माझा संताप झाला, पण रात्री विचार करताना उमगलं की त्या अर्जात यंत्र कधी सुरू होतं हेच मी कुठे लिहिलं नव्हतं. माझा त्रास मी सांगितला होता, आवाजाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून आधी आपल्या भागाचा नियम मिळवा आणि मुळातून वाचा. आवाजाचे नियम साधारण तीन तऱ्हांचे असतात. काही आकड्यावर चालतात. भारताच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. काही नियम वेळेवर चालतात. न्यूयॉर्क शहरात कुत्रा दिवसा सलग १० मिनिटं किंवा रात्री ५ मिनिटं भुंकत राहिला आणि ते शेजाऱ्याच्या घरात स्पष्ट ऐकू आलं, तर तेवढं पुरतं, मीटर लागत नाही. तिसरी तऱ्हा उपद्रवाची. इंग्लंडच्या १९९० च्या पर्यावरण कायद्यात उपद्रव ठरवायला डेसिबलचा आकडाच नाही. आवाज किती वेळा होतो, कोणत्या वेळी, किती काळ चालतो, हे पाहून अधिकारी ठरवतो. तुमची तक्रार यांतल्या कोणत्या तऱ्हेत बसते ते ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका, कारण पुरावा त्यावरच अवलंबून आहे. एकाच आवाजाला दोन कलमं लागू शकतात. मला पुढे तेच कामाला आलं.

शेजाऱ्याशी आधी बोलावं का? बोलावं, एकदा, दिवसा, शांतपणे, आणि त्या दिवसाची तारीख टिपून ठेवावी. अनेकांना आपला आवाज पलीकडे कसा पोचतो याची खरोखर कल्पना नसते.

आता नोंदवही. या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू हीच, मीटरपेक्षाही. साधी वही घ्या, पानं सुटी नकोत. प्रत्येक वेळी तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, आवाजाचं वर्णन, तुम्ही कोणत्या खोलीत होता, खिडकी उघडी होती की बंद, वारा-पाऊस होता का, आणि त्या आवाजामुळे नेमकं काय अडलं, एवढं लिहा. ‘भयंकर’, ‘असह्य’ हे शब्द टाळा. ‘घरघर, मध्येच पत्रा थरथरल्यासारखी, खिडकी बंद असूनही उशीला कान लावल्यावर जास्त जाणवते’ हे वर्णन उपयोगाचं, कारण ते वाचून यंत्र ओळखणारा माणूस दोष कुठे आहे ते सांगू शकतो. नोंद त्याच क्षणी करा. सकाळी आठवून लिहिलेल्या वेळा पाच-पाच मिनिटांनी गोल होतात आणि वाचणाऱ्याला ते दिसतं.

शांत रात्रीही लिहा. हे मला फार उशिरा सुचलं. माझ्या एकवीस दिवसांच्या नोंदींत चार रात्री ‘युनिट बंद, आवाज नाही’ अशा होत्या, आणि त्याच चार रात्रींमुळे उरलेल्या सतरांवर विश्वास बसला. शिवाय आवाज बहुतेक वेळा साडेअकराच्या सुमारास सुरू होऊन चारला थांबतो हे वहीतूनच कळलं. दुसऱ्या एखाद्या घराला त्रास होत असेल तर त्यांनी स्वतःची वेगळी वही ठेवावी. एकाच मजकुराखाली दहा सह्या घेण्यापेक्षा स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन वह्यांच्या वेळा जुळणं कितीतरी वजनदार.

मोजमापाकडे वळताना डेसिबलचा स्वभाव ओळखून घ्या. ही साधी बेरजेची पट्टी नव्हे. ६० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र चालली तर १२० होत नाहीत, ६३ होतात. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत लहान स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. त्यामुळे ‘फक्त पाचने जास्त आहे’ असं कुणी म्हटलं तर ते सहज सोडून देऊ नका.

सरासरीचंही तसंच. तासभर ४० डेसिबलची शांतता आणि त्यात एकच मिनिट ८० डेसिबलचा दणका असेल तर त्या तासाची सरासरी सुमारे ६२ येते. तेच मिनिट आठ तासांत पसरवलं की सुमारे ५३. दणका तोच, झोपमोड तीच, आकडा मात्र नऊने खाली. म्हणून मोजणी किती वेळाची होती हे दरवेळी विचारा, आणि आवाज तुटक असेल तर सरासरीबरोबर कमाल पातळीही नोंदवायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीसाठी हे दोन्ही वेगळे दिले आहेत: सतत आवाजाला ३० डेसिबल, एकेका दणक्याला ४५.

माझं प्रकरण अडलं ते तिसऱ्याच जागी. दुसऱ्या खेपेला अधिकारी रात्री आले, खिडकीपाशी मोजलं, आकडा ४४ आला. मर्यादेच्या आत. पण बहुतेक नियम ‘ए’ भारांकनात मोजतात, आणि ते भारांकन मानवी कानाच्या धर्तीवर खर्जातला आवाज कमी धरतं. १०० हर्ट्झला तब्बल १९ डेसिबल वजा होतात. पंखे, मोटरी, कॉम्प्रेसर यांची घुमणारी गुणगुण नेमकी तिथेच असते, आणि भिंतीतून सर्वांत सहज तीच आत येते. मी तिथेच विनंती केली की त्याच मीटरवर ‘सी’ भारांकन लावून पाहा, ते खर्जातला आवाज फारसा कमी धरत नाही. आकडा आला ६५. दोन्हींत वीसच्या आसपास फरक पडला की आवाज खर्जातला आहे असं समजावं. मग युनिट बंद झाल्यावर चार वाजून गेल्यावर मोजलं तर ‘ए’ ३१. म्हणजे यंत्रामुळे रात्रीची पातळी तेराने चढत होती. आकड्याच्या कलमात न बसलेली तक्रार या दोन फरकांच्या आणि वहीच्या जोरावर उपद्रवाच्या कलमात बसली.

स्वतः मोजायचं तर फोनवरचं ॲप अंदाजापुरतं वापरा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, आणि तो आकडा पुरावा म्हणून सहसा टिकत नाही. तरी अर्ज करण्याआधी काय सांगायचं ते ठरवायला तो पुरतो. दर वेळी एकाच जागी उभे राहा, फोन भिंतीपासून दूर आणि साधारण छातीच्या उंचीवर धरा, कारण भिंतीलगत परावर्तनाने आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगू शकतो. वाऱ्यात मोजू नका. आवाज चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा मोजा. दोन्हींत १० किंवा जास्त फरक असेल तर आकडा जवळजवळ त्या यंत्राचाच समजा. फरक ३ पेक्षा कमी निघाला तर त्या मोजणीवर काही उभारू नका. अधिकाऱ्याच्या मीटरबाबत एकच विचारा: मोजणीआधी आणि नंतर कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देऊन मीटर बरोबर दाखवतो का ते तपासणारं उपकरण) लावून तपासला का, आणि ते अहवालात लिहिलं आहे का.

अर्ज एका पानाचा. पहिल्या ओळीत स्रोत आणि ठिकाण, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात कलमाचा क्रमांक. मग नोंदींचा गोषवारा: एकवीस रात्रींपैकी सतरा, साडेअकरा ते चार. शेवटी मागणी, आणि ती नेमकी हवी. ‘योग्य ती कारवाई’ असं लिहिलं की काय करायचं हे समोरच्यावर सोपवल्यासारखं होतं. ‘रात्री बारा ते एकच्या दरम्यान आमच्या मागच्या खिडकीपाशी मोजणी करावी’ असं लिहा. शेजाऱ्याच्या वागण्याबद्दल, पैशाबद्दल, जुन्या भांडणाबद्दल अवाक्षर नको. वहीची छायाप्रत जोडा, मूळ वही कुणालाही देऊ नका, आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

नोटीस निघाली की वही बंद करावीशी वाटते. करू नका. आमच्याकडे युनिटखाली रबराचे कंपनरोधक बसवले गेले, एक ढिला पत्रा आवळला गेला, आणि आवाज थांबला असं कळवण्यात आलं. मी पुढचे चौदा दिवस त्याच खिडकीपाशी लिहीत राहिले. नवव्या रात्री थरथर परत आली, पत्रा पुन्हा सुटला होता. त्या एका नोंदीवर, नवा अर्ज न करता, जुन्याच प्रकरणात दुसरी भेट झाली. पत्रा पुन्हा बसवल्यावर मोजणी झाली तेव्हा ‘ए’ ३४ आणि ‘सी’ ४८ आला. तो अहवाल वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवला आहे.