सॉकेटवरून थेट एचटीटीपी विनंती: उत्तर कुठे संपते हे ओळखण्याची पद्धत

डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनमधून वेब सर्व्हरशी एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलने (संवादाच्या नियमांनी) बोलायचे असेल, तर शक्य तेथे त्याची तयार लायब्ररीच वापरावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र लायब्ररी बसवता येत नसेल किंवा प्रोटोकॉल मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर टीसीपी सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरून बाइटांची देवाणघेवाण करणाऱ्या जोडणीचे टोक, स्वतः उघडावे लागते. येथील उदाहरणे पायथॉन आणि एचटीटीपी १.१ यांना धरून आहेत.

सॉकेट टाइमआउटसह (वाट पाहण्याची कमाल मर्यादा घालून) उघडावे आणि हे सर्व काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर) ठेवावे, नाहीतर उत्तर येईपर्यंत खिडकी गोठून राहते. पोर्ट साधारणपणे ८० असते. एचटीटीपीएस या सुरक्षित प्रकारासाठी ४४३ घ्यावे आणि सॉकेटला भाषेतल्याच टीएलएस (एन्क्रिप्शनच्या) मॉड्यूलचे आवरण द्यावे. सर्टिफिकेटची पडताळणी बंद करण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

विनंतीच्या पहिल्या ओळीत मेथड (विनंतीचा प्रकार), पाथ (पानाचा पत्ता) आणि आवृत्ती येते. त्याखाली हेडर, म्हणजे विनंतीची माहिती देणाऱ्या ओळी, येतात; त्यांपैकी सर्व्हरचे नाव सांगणारा होस्ट हेडर सक्तीचा आहे. प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्न व लाइन फीड या ओळ संपवणाऱ्या दोन चिन्हांनी संपवावी आणि हेडर संपल्यावर एक रिकामी ओळ द्यावी. पाठवण्यासाठी ‘सेंड’ या फंक्शनऐवजी ‘सेंडऑल’ वापरावे, कारण ‘सेंड’ सगळे बाइट एका वेळी पाठवेलच याची खात्री नसते. मजकूर पाठवताना कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये अक्षरांची नव्हे, बाइटांची संख्या लिहावी. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी पायथॉन ७ सांगतो (हलन्त व काना वेगळे मोजून), पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्याचे २१ बाइट होतात. ७ लिहिले, तर सर्व्हर ‘स’च्या पहिल्या बाइटपाशी थांबतो आणि उरलेले १४ बाइट पुढची विनंती समजतो.

खरी अडचण उत्तर वाचताना येते, आणि या टप्प्याने माझा सर्वाधिक वेळ खाल्ला आहे. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असल्यामुळे सर्व्हरने एकदा लिहिलेले तुमच्या ‘रिसीव्ह’ या वाचणाऱ्या फंक्शनला एकाच वेळी मिळेल असे नाही, हेडरची एखादी ओळसुद्धा दोन तुकड्यांत येऊ शकते. ‘मागितल्यापेक्षा कमी बाइट आले म्हणजे उत्तर संपले’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला साफ चुकीचा आहे. स्वतःच्या संगणकावरील सर्व्हरशी तो बहुधा चालतो, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. ‘जोडणी बंद होईपर्यंत वाचा’ हाही अर्धाच सल्ला आहे, कारण एचटीटीपी १.१ मध्ये जोडणी उघडी राहणे हाच मूळ नियम आहे आणि तुमचा प्रोग्रॅम टाइमआउट होईपर्यंत ताटकळत राहतो.

रिकामी ओळ मिळेपर्यंत बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवावेत. त्या ओळीनंतरचे जे बाइट आधीच हाती आले असतील, ते मजकुराचा आरंभ म्हणून जपून ठेवावेत. मग शेवट ठरवावा. हेड (फक्त हेडर मागणाऱ्या) विनंतीच्या किंवा २०४ व ३०४ स्थिती-क्रमांकाच्या उत्तराला मजकूर नसतो. ट्रान्सफर-एन्कोडिंग हेडर ‘चंक्ड’ (मजकूर तुकड्यांत येणार) असेल, तर कंटेंट-लेंग्थकडे पाहूच नये. ते नसेल आणि कंटेंट-लेंग्थ असेल, तर नेमके तितके बाइट घ्यावेत. दोन्ही नसतील, तरच जोडणी बंद होण्याची वाट पाहावी.

चंक्ड मजकुरात प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी षोडशमान पद्धतीत येते. तेथे १० दिसले, तर ते सोळा बाइट असतात. त्या ओळीत अर्धविराम आला, तर त्यापुढचा भाग सोडून द्यावा. तुकड्यानंतरचा कॅरेज रिटर्न व लाइन फीड मजकुरात मिसळू देऊ नये. लांबी शून्य आली की तुकडे संपले, तरी रिकाम्या ओळीपर्यंत वाचावे. तुकडा देवनागरी अक्षराच्या मधोमध तुटू शकतो, म्हणून सगळे बाइट जोडल्यावरच यूटीएफ-८ उलगडावे.

ठरलेले बाइट मिळण्याआधी जोडणी तुटली, तर हाती आलेला मजकूर पूर्ण समजून दाखवू नये; ती चूक म्हणूनच कळवावी. शेवटी चाचणीसाठी ‘रिसीव्ह’ला एका वेळी एकच बाइट मागावा. त्या अवस्थेतही उत्तर अचूक जुळले, तरच वाचनाचा कोड अ‍ॅप्लिकेशनमध्ये घालावा.