सह्याद्रीतील शोधमोहिमेत फोर-बाय-फोर गाडी : या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीत कोणी वाट चुकले किंवा दरीत पडले, की स्थानिक बचाव पथकांच्या मदतीला फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाड्या घेऊन अनेक स्वयंसेवक निघतात. ही मदत मोलाची आहे. मात्र दोर, स्ट्रेचर आणि ताजी माणसे वाटेच्या तोंडाशी लवकर पोहोचवणे हे गाडीचे खरे काम असून, गाडी शक्य तितकी पुढे रेटण्याच्या हट्टातून बहुतेक चुका घडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जाणारा वाहनरस्ताच नसल्याने यंत्रसामग्री नेता आली नाही आणि माणसांना डोंगर चढून कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसावा लागला. अशा ठिकाणी पायथ्याच्या अरुंद रस्त्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या रुग्णवाहिकेचीच वाट अडवतात. त्यामुळे गाडी परतीच्या दिशेने तोंड करून एका कडेला लावावी आणि किल्ली तेथे थांबणाऱ्या माणसाकडे द्यावी.

पोलीस किंवा मोहीम चालवणाऱ्या पथकाकडे नाव नोंदवल्याशिवाय निघू नये. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगीही लागते.

ठिकाण सांगताना होणारी चूक सर्वांत महाग पडते. समजा, निरोप आला ‘अठरा, तीस’. सांगणाऱ्याच्या मनात १८ अंश ३० मिनिटे अक्षांश आहे, म्हणजे दशांशात १८.५, ऐकणाऱ्याने मात्र फोनमध्ये १८.३० भरले, तर नकाशावरील खूण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला पडते आणि डोंगरात एवढे अंतर म्हणजे हातची अख्खी रात्र जाणे. म्हणून आकडे अंश-मिनिटांत आहेत की दशांशात, हे आधी विचारावे, ऐकलेले आकडे उलट वाचून दाखवावेत आणि जवळच्या वाडीचे नाव विचारून गावातल्या वाटाड्याकडून पडताळून घ्यावे.

शोध सुरू असताना इंजिन चालू ठेवणे ही दुसरी मोठी चूक. जखमी माणसाची हाक क्षीण असते. ठरलेल्या वेळी सर्व गाड्यांची इंजिने एकदम बंद करावीत, शिट्टी वाजवावी आणि मग काही मिनिटे कोणीही न बोलता कान द्यावा. बेपत्ता माणूस जेथे शेवटचा दिसला, त्या जागेवर तर गाडी नेऊच नये. चिखलातला बुटाचा ठसा टायरखाली गेला, की तो माणूस कोणत्या दिशेला वळला हे सांगणारा पुरावाच संपतो.

गाडी रुतली, की एक्सलरेटर दाबत राहण्याचा मोह होतो आणि चाके फिरत फिरत गाडी एक्सलपर्यंत खाली बसते. पाय काढावा, उतरावे, चाकांपुढचा गाळ उपसावा, टायरमधील हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवावी, चाकांखाली सपाट दगड घालावेत आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) अगदी हळू गाडी काढावी. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी. दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल, तर दोर ट्रेलर जोडण्यासाठी मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्याला कधीही अडकवू नये. झटका बसून तो गोळा तुटला, तर काच फोडून आतल्या माणसाचा जीव घेऊ शकतो आणि जगभरात असे मृत्यू झालेले आहेत. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेला, त्या भारासाठी बनवलेला हुकच वापरावा. ताणला जाणारा दोर झटका पोटात घेतो; साखळी किंवा वायररोप घेत नाही, म्हणून साखळीने किंवा वायररोपने झटका देऊन ओढू नये. विंचच्या (गाडीवरील ओढयंत्राच्या) वायरवर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे.

गाडी किती खोल पाण्यातून जाईल, याबाबत कंपनीच्या आकड्यावर विसंबू नये. महिंद्राच्या नव्या थार गाडीसाठी ६५० मिलिमीटर खोली सांगितलेली असली, तरी ती वाहत्या पाण्याची हमी नव्हे. ६० सेंटीमीटर वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. फरशी पुलाची कडा तुटली असल्यास गढूळ पाण्याखाली ती दिसतही नाही. ओढा उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

पाठीला किंवा मानेला मार लागलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवून खडकाळ वाटेने घाईने आणू नये. प्रथमोपचार करणाऱ्याने त्याला स्ट्रेचरवर नीट बांधल्यावरच गाडी हलवावी.

परतल्यावर ‘तो रस्ता पाहून झाला’ एवढाच निरोप देऊ नये. कोणती वाट, कुठपर्यंत, किती वाजता, उजेडात की टॉर्चने, आणि दरीची बाजू पाहिली की नाही, हे लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या तुकडीला तेथे पुन्हा पाठवायचे की नाही हे मोहीमप्रमुखाला ठरवता येते.