सोर्स कोड एस्क्रो करार कसा करावा: विकणारा आणि वापरणारा, दोघांच्या सोयीचा

जळगावची डाळ मिल, शिरपूरचे जिनिंग किंवा धुळ्याची पतसंस्था सॉफ्टवेअर बनवून घेते, तेव्हा एक सल्ला हमखास मिळतो: सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून तयार होते तो प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, मागून घ्या. कोणताही शहाणा सॉफ्टवेअरवाला तो देणार नाही, देऊही नये. त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. दुसरा सल्ला याहून वाईट: ‘गरज पडल्यास कोड देण्यात येईल’ असे एक वाक्य करारात टाका. कंपनीच बंद पडली तर ते वाक्य पाळायला उरतो कोण?

उपाय आहे त्रिपक्षीय एस्क्रो करार. कोड त्रयस्थाकडे राहतो आणि ठरलेली घटना घडली तरच ग्राहकाच्या हाती येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या आयटी गव्हर्नन्स निर्देशांत बँकांनाही हा मार्ग दिला आहे: महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा कोड मिळवा, नसेल मिळत तर एस्क्रो किंवा तशी दुसरी व्यवस्था करा. पतसंस्थेला हे निर्देश लागू नाहीत, तरी तिने हे करावेच.

त्रयस्थ म्हणून एस्क्रोचेच काम करणारी संस्था घ्या. कुणा एकाचा सीए किंवा वकील नको. फी ग्राहकाने भरावी. विकणाऱ्यावर सोडली तर तो अडचणीत आला की ती थकते, आणि करार नेमका तेव्हाच लागणार असतो.

कोड कधी सुटेल, ते मोघम लिहू नका. व्यवसाय बंद होणे, एकट्या मालकाचा मृत्यू होऊन काम पुढे न चालणे, गंभीर बिघाडाच्या लेखी तक्रारीवर ठरलेल्या दिवसांत काम सुरू न होणे, असे स्पष्ट लिहा. केवळ दिवाळखोरीवर विसंबू नका. २०१६च्या दिवाळखोरी कायद्याखाली प्रक्रिया सुरू झाली की कंपनीच्या मालमत्तेवर स्थगिती येते आणि वाद लांबतो. विकणाऱ्याला हरकत घेण्याची मुदत द्या, पण ५ ते ७ कामाच्या दिवसांची. कापसाची आवक चालू असताना महिनाभर थांबणे जिनिंगला जमत नाही.

आता खरी अवघड पायरी: ठेव, म्हणजे त्रयस्थाकडे जमा केलेला कोड, तपासणे. बहुतेक करार इथेच फसतात. झिप फाइल जमा होते, पावती मिळते, सगळे निवांत होतात. ती फाइल उघडून सॉफ्टवेअर तयार होते का, हे कुणी पाहत नाही.

तपासणी अशी करा. कोरा संगणक घ्या, ज्यावर विकणाऱ्याचे काहीही बसवलेले नाही. त्याचे इंटरनेट बंद करा. ठेवीत जे आहे तेवढ्यावरच, लेखी सूचना वाचून, तिसऱ्या प्रोग्रामरने सॉफ्टवेअर तयार करून चालवावे. मूळ प्रोग्रामर शेजारी बसता कामा नये. तो एखादी गोष्ट तोंडी सांगून जातो आणि ती कागदावर कधीच येत नाही.

अडते ते ठरावीक ठिकाणी. लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे भाग) इंटरनेटवरून येत असतात, ठेवीत नसतात. कंपायलरची, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या साधनाची, आवृत्ती लिहिलेली नसते. डेटाबेसची रचना असते, पण व्याज काढणाऱ्या प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्राम) राहून जातात. वजनकाट्याचे आकडे वाचणारा भाग तयार डीएलएल (आधीच बनवलेली, कोड न दिसणारी फाइल) असतो, त्याचा कोड विकणाऱ्याकडेही नसतो. मग तो कुणाकडून घेतला आणि त्याचा परवाना कसा आहे, ते लिहून घ्या. मराठी पावतीचा फॉन्ट आणि रिपोर्ट डिझायनरची लायसन्स की हमखास विसरतात. फाइलला पासवर्ड असेल तर तोही त्रयस्थाकडे बंद पाकिटात हवा. ही चाचणी पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. विकणाऱ्यानेही कुरकुर करू नये: ठेव पक्की असेल तर ग्राहक कोड मागत बसत नाही.

पुढे प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर, आणि किमान दर सहा महिन्यांनी, नवी ठेव. प्रत्येकीचा हॅश (फाइल बदलली का ते ओळखणारा सांकेतिक क्रमांक) नोंदवा. जीएसटीचे दर बदलल्यावर तर लगेचच.

परवान्याचे कलम विकणाऱ्याच्या संरक्षणाचे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर, कॉपीराइट त्याचाच राहतो. सुटलेला कोड ग्राहकाने फक्त स्वतःच्या वापरापुरता दुरुस्त करावा. विकू नये, दुसऱ्या मिलला देऊ नये, बाहेरचा प्रोग्रामर लावला तर त्याच्याकडून गोपनीयतेची सही घ्यावी. हा परवाना आजच्या तारखेने दिलेला असावा, वापर मात्र कोड सुटल्यावर. ‘पुढे देऊ’ असे लिहू नका.

सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर नुसता कोड पुरत नाही. सर्व्हर उभा करण्याच्या स्क्रिप्ट, डोमेनचा ताबा आणि ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात रोज उतरणारा डेटाचा बॅकअप, हे तिन्ही करारात घाला.