ऑफिसात छोटी रेल्वे न्यायची तयारी : आधी अडॅप्टर

सहकाऱ्यांना रेल्वेचं मॉडेल दाखवायला वेळ मिळतो तो जेवणाच्या सुट्टीपुरता. तेवढ्यात गाडी धावली नाही तर रूळ कितीही सुबक मांडलेले असोत, लोक दोन मिनिटं बघतात आणि जागेवर जातात. मागच्या खेपेला रूळ, इंजिन, डबे, गाडीचा वेग ठरवणारा कंट्रोलर सगळं नेलं होतं आणि कंट्रोलरचा अडॅप्टर घरच्या सॉकेटात राहिला. म्हणून या यादीत पहिला अडॅप्टर, आणि मध्येमध्ये पुन्हा अडॅप्टर.

तो का राहतो, तर बाकीचं सामान आदल्या दिवशी पेटीत गेलेलं असतं आणि अडॅप्टर शेवटच्या चाचणीपर्यंत भिंतीत असतो, टेबलामागे, नजरेआड. कंट्रोलर उचलला की त्याच्या मागची पिन निघून येते. कंट्रोलर पेटीत जातो, वायर मागेच लोंबकळते. तेव्हा चाचणी संपली की सगळ्यात आधी सॉकेटाकडे जा, अडॅप्टर काढा, वायर गुंडाळा आणि कंट्रोलरलाच रबरबँडने बांधा. वेगळ्या पिशवीत नको. वेगळी पिशवी वेगळी राहते.

‘ऑफिसात कुणाकडे तरी असेलच’ या भरवशावर जाऊ नका. लॅपटॉपचा चार्जर साधारण १९-२० व्होल्टचा असतो. मोबाइलचा यूएसबी चार्जर मागणी आल्याशिवाय ५ व्होल्टच देतो. राउटरचा बहुधा १२ व्होल्ट डीसी असतो आणि मोह होतो तो त्याचाच. पण काही कंट्रोलरना आत एसी लागतो, काहींना डीसी. गोल पिनचे अडॅप्टर बाहेरून बहुतेक ५.५ मिलिमीटरचे दिसतात, आतलं भोक मात्र कुठे २.१ तर कुठे २.५. २.१ चा प्लग २.५ च्या पिनवर बसतच नाही, २.५ चा २.१ वर सैल बसतो आणि गाडी चालता चालता थांबते. धन टोक मध्ये की बाहेर, हा आणखी एक प्रश्न. ते उलटं झालं तर कंट्रोलरचं सर्किट जळू शकतं. म्हणून आपलाच अडॅप्टर न्या. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘रेल्वे’ असं लिहा, व्होल्ट आणि अँपिअरही लिहा.

परवानगी आठवडाभर आधी घ्या, तोंडी नको. ॲडमिनला सामानाची यादी द्या आणि आत-बाहेर नेण्याचा गेट पास करून घ्या. वायरा, सर्किट आणि धातूचे तुकडे भरलेली पेटी सुरक्षारक्षकाने उघडायला लावणं साहजिक आहे, यादी हातात असली तर पाच मिनिटांत सुटका होते. कोणतं सॉकेट वापरायचं तेही तेव्हाच विचारा, कारण काही सॉकेटं यूपीएसवर संगणकांसाठी राखून ठेवलेली असतात. धुराचं इंजिन नेऊ नका. वाफेचं इंजिन धूर सोडताना फार सुंदर दिसतं, पण छतावरच्या सेन्सरला ते सौंदर्य कळत नाही.

आता टेबल. इथे मोजमापाला पर्याय नाही. मॉडेलचं स्केल, म्हणजे खऱ्या गाडीशी प्रमाण, आधी ठरवा. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याचं नेहमीचं १८ इंची त्रिज्येचं वळणसुद्धा रुंदीला जवळपास ९५ सेंटिमीटर खातं. ऑफिसच्या ६० सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर ते बसत नाही, आणि दोन टेबलं पाठीला पाठ लावली तर मधल्या फटीत हमखास एक-दोन मिलिमीटरची पायरी पडते. नेमकं तिथेच वळण येतं आणि चाक उतरतं. म्हणून ऑफिससाठी एन स्केल, म्हणजे १:१६० आणि ९ मिलिमीटर अंतर. खाली खडीचा प्लॅस्टिक थर असलेले रूळ घ्या. काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचे सांधे खटकन बसतात आणि पुन्हा पुन्हा उघडले तरी चालतात.

युनिट्रॅकच्या मापात हिशेब असा. २४९ मिलिमीटर त्रिज्येची, ४५ अंशांची ८ वळणं. व्यास ४९८, त्यात थराची रुंदी सुमारे २५, म्हणजे ५२३ मिलिमीटर. ६० सेंटिमीटरच्या टेबलावर दोन्ही कडांना जवळपास ३८ मिलिमीटर उरतात. मोह होईल २८२ च्या वळणाचा, कारण लांब डबे त्यावर जास्त डौलात वळतात. पण तिथे कडेला जेमतेम साडेपाच मिलिमीटर उरतात आणि घसरलेलं इंजिन थेट फरशीवर पडतं. २४९ च घ्या. प्रत्येक बाजूला २४८ चे तीन सरळ तुकडे लावले की लांबी साधारण १२७ सेंटिमीटर होते आणि दीड मीटरच्या टेबलावर दोन्ही टोकांना हात टेकायला जागा राहते. वीज जोडायचा फीडरचा तुकडा ६२ चा असतो. तो लावला की सोबत १८६ चा हवाच, दोन्ही मिळून २४८. हा १८६ चा तुकडा विसरलात तर लंबगोल मिटतच नाही. तो न मिटवता जबरदस्तीने दाबून बसवला तर सांध्यावर ताण येतो आणि चौथ्या फेरीला डबे उतरायला लागतात. एकूण १५ तुकडे. आकडा लिहून ठेवा, परत आवरताना लागेल.

टेबलावर थेट रूळ मांडू नका. खाली ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड घाला, त्याने खडखडाट कमी होतो आणि टेबलाला ओरखडे पडत नाहीत. कडेला त्याच फोमची ३ सेंटिमीटर उंचीची पट्टी उभी करा. जमिनीवर, त्यातही गालिच्यावर, अजिबात नको. गालिच्याचे तंतू इंजिनाच्या गिअरमध्ये गुंडाळतात आणि ते काढायला खालचं झाकण उघडावं लागतं.

साफसफाई आदल्या रात्री. रूळ पुसतात सगळे, चाकं कुणी पुसत नाही. चाकांवरचा काळा थर वीज अडवतो, मग इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात आणि बघणाऱ्याला वाटतं मॉडेलच खराब आहे. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. टिश्यू पेपरची पट्टी त्यात ओलसर करून रुळांवर आडवी टाका. इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) पट्टीवर आणि दुसरी कोरड्या रुळांवर ठेवा, इंजिन दोन बोटांनी धरा आणि कंट्रोलर हळू वाढवा. चाकं जागेवर फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. पट्टी थोडी सरकवा, पुन्हा फिरवा, रेघ उमटायची थांबेपर्यंत. मग इंजिन उलट फिरवून दुसरी बोगी. डब्यांची चाकं कापसाच्या काडीने. अल्कोहोल डब्यांच्या रंगावर आणि नावाच्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नका. ते ज्वालाग्राही आहे, त्यामुळे हवा खेळती ठेवा, पट्टी नुसती ओलसर हवी, ठिबकणारी नको, आणि बाटली बंद करून दूर ठेवल्यावरच वीज सुरू करा. ऑफिसात आयत्या वेळी कुणी हात धुवायचं सॅनिटायझर पुढे करेल, घेऊ नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते रुळांवर चिकट पापुद्रा धरतं.

डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत, नेणार असाल तर इंजिनांचे पत्ते (ओळख क्रमांक) आधी बदला. इंजिनातल्या नव्या डिकोडरचा, म्हणजे हुकूम ओळखणाऱ्या चिपचा, पत्ता ३ असतो, दोन नवी इंजिनं एकत्र ठेवली तर दोन्ही एकदम निघतात. पण पहिल्या वेळेला साधा डीसी कंट्रोलर पुरे. एक बटण, एक दिशा, कुणालाही समजतं.

कपलिंग, म्हणजे डबे जोडायचे हुक, सगळ्या डब्यांना एकाच जातीची आहेत ना, पाहा. सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने फिरवा आणि स्टेशन, खांब, बोगद्याचं तोंड कुठे घासतं का ते बघा. लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात, त्यामुळे दोन्ही बाजू तपासा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. सामान पेटीत भरा, पेटी बंद करा, दुसऱ्या खोलीत न्या आणि फक्त पेटीतल्या वस्तूंवर गाडी चालवून दाखवा. घरातलं काही घ्यायचं नाही, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा नाही. उठून काही आणावं लागलं की ते राहिलेलं आहे. अडॅप्टर इथेच सापडतो. आणि इथेच पुन्हा हरवतो, कारण या चाचणीसाठी तो परत भिंतीत जातो! चाचणी संपली की रूळ उचलायच्या आधी अडॅप्टर काढा आणि कंट्रोलरला बांधा. पेटीच्या झाकणावर आतून कागद लावा, त्यावर एकच शब्द: अडॅप्टर.

नेताना इंजिन मूळ खोक्यात, खोकं आडवं. पँटोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या टपावरचा दांडा) खाली दाबलेला हवा. छोटा स्क्रूड्रायव्हर, चिमटा, चिकटपट्टी, रिरेलर. रिरेलर म्हणजे डबा घसरवत रुळावर चढवायची उतरंड. एन स्केलची चाकं नुसत्या डोळ्यांनी रुळावर बसवताना घाईत घाम फुटतो.

त्या दिवशी पाऊण तास आधी पोचा. फोम, रूळ, अडॅप्टर, कंट्रोलर या क्रमाने. सांध्यांवरून बोट फिरवा, बोटाला खाच लागली तर तिथेच चाक उतरणार. वायर रस्त्यात येत असेल तर चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. एकट्याने दहा फेऱ्या काढा.

लोकांना नुसतं बघायला उभं करू नका, कंट्रोलर हातात द्या. खरा आनंद तिथे आहे. मात्र बटणाभोवती पट्टी लावून एक खूण करा, ‘इथपर्यंतच’. खूण कुठे करायची याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे १:१६० मध्ये सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर. हा लंबगोल साधारण ३ मीटरचा, म्हणजे एका फेरीला अर्धा मिनिट लागायला हवा. नवखा माणूस बटण पूर्ण फिरवतो आणि गाडी वळणावर आडवी होते. डबा उचलायचा तर मधोमध, दोन्ही बाजूंनी, बोग्यांना धरून नाही. चहाचे कप दुसऱ्या टेबलावर.

सॉफ्टवेअरवाले सहकारी असतील तर त्यांना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबबद्दल सांगा. तो १९४६ सालचा, आणि संगणकवाल्यांच्या तोंडचा ‘हॅक’ हा शब्द तिथल्या रूळ-वायरवाल्या पोरांकडून आलाय. लोक लगेच दहा मिनिटं जास्त थांबतात.

आवरताना वीज बंद, गाडी खोक्यात, १५ तुकडे मोजा, फोम उचला, गेट पासवर सही. निघायच्या आधी खाली वाकून सॉकेट बघा. अडॅप्टर.