ऑडिटला ३४ आणि बाईंचा अंगठा

नोव्हेंबर २०१९ च्या सीए इंटरला, म्हणजे सीएच्या तीनपैकी मधल्या परीक्षेला, माझा चार पेपरांचा पहिला ग्रुप निघाला आणि दुसरा अडकला. ऑडिटला ३४. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के लागते, त्यामुळे बाकीचे तीन पेपर बरे जाऊनही ग्रुप गेला. निकाल चाळीच्या गॅलरीत उभं राहून फोनवर पाहिला. आई आतून विचारत होती, "काय गं, उघडली का साइट?" मी म्हटलं, "नाही अजून." पुढचा अर्धा तास साइट उघडलीच नाही.

आता मी सीए आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की चाळीतली, नात्यातली पोरं फोन करतात. ताई, क्लास कुठला लावू? लेक्चर कोणाचे घेऊ? दिवसाला किती तास बसू? मी जे सांगते ते ऐकून बहुतेकांचा विरस होतो, कारण त्यात कुठल्याच क्लासचं नाव नसतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. ज्याला पुढे वाचायचंय त्याने वाचावं.

आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांची. माणसं पाच. टीव्ही, देव्हारा, शिलाई मशीन, कपाट आणि माझी पुस्तकं सगळं त्यातच. अभ्यासाला टेबल ही कल्पनाच नव्हती. होतं ते एवढंच की सकाळी पाच-सव्वापाचला पाणी यायचं. आठवीपासून पिंप आणि कळश्या भरायचं काम माझ्याकडे. पाणी भरून झालं की पावणेसहा. परत झोपायला जागा नाही, कारण माझ्या चादरीवर तोवर धाकटा भाऊ पसरलेला असायचा. मग मी मोरीशेजारी पाटावर बसून गणितं सोडवायचे. सगळे उठेपर्यंत तास-सव्वा तास मिळायचा. हे काही ध्येय वगैरे ठरवून केलं नव्हतं, पाण्याने लावलेली सवय होती. पण सात वर्षांत तिने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही टाइमटेबलने केलं नाही. ते टाइमटेबल मी दर महिन्याला रंगीत पेनांनी नवं बनवायचे, हा भाग वेगळा.

रात्रीची जागा अभ्यास गल्ली. वरळीबाहेरच्यांना सांगते, ही खरोखरची गल्ली आहे, सुदाम काळू अहिरे मार्ग. घरात जागा नाही म्हणून चाळीतली पोरं कित्येक वर्षं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करत आलीत. पुढे महापालिकेने ती सजवली, बसायची सोय केली, चांगले दिवे लावले. माझ्या डाव्या हाताला पोलीस भरतीवाला, उजवीकडे एमपीएससीवाली, मध्ये मी. कोणी कोणाला शांत राहा म्हणत नाही, पण आपण फोन काढून रील बघायला लागलो की शेजारचा नुसता मान वर करून बघतो. तेवढ्याने फोन आत जातो. दहा वाजले की दादा न्यायला यायचा. त्याला उशीर झाला की मला आणखी दोन गणितं मिळायची.

म्हणजे सवयी होत्या, जागा होती. मग ३४ कसे?

तर, फोनमुळे. पण लोक म्हणतात तशा अर्थाने नाही. मी गेम खेळत नव्हते, इन्स्टा महिनाभर काढून टाकलं होतं. मी दिवसभर लेक्चरच बघत होते. रेकॉर्डेड लेक्चर ठरावीक वेळाच बघता यायचं, मुदत असायची, म्हणून घाई. आणि वेग पावणेदोनपट. सर तीन तासांत जे शिकवतात ते माझं पावणेदोन तासांत व्हायचं. सगळं समजायचं. खरंच समजायचं, हीच गंमत आहे. चांगला शिक्षक बोलत असतो तेव्हा सगळंच समजतं. रात्री वहीत "ऑडिट, चॅप्टर ५, डन" असं लिहून मी समाधानाने झोपायचे. हातात पेन धरलं होतं ते फक्त "डन" लिहायला.

हे मला कळलं ते स्वतःची उत्तरपत्रिका बघितल्यावर. नवीन मुलांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, की निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज केला तर परीक्षा घेणारी सीए इन्स्टिट्यूट तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत देते. एका पेपरला ५०० रुपये. त्या वेळी घरात ५०० ही रक्कम विचारून खर्च करायची होती. आईने फार प्रश्न न विचारता दिले. नापास झालात तर रडून झाल्यावर पहिलं काम हे करा. मार्क वाढतील या आशेने नको, आपण नक्की काय लिहून आलो ते बघायला.

ती प्रत घेऊन मी अकाउंट्सच्या बाईंकडे गेले. ज्युनियर कॉलेजला त्या आम्हाला शिकवायच्या. पहिले तीन महिने कॅल्क्युलेटरला हात लावू द्यायच्या नाहीत. लेजरच्या रेघा पट्टीने आणि पेन्सिलीने मारायला लावायच्या, आणि जर्नल एंट्रीखालचं नॅरेशन, म्हणजे नोंद कशाची ते सांगणारी ओळ, विसरलं की समासात लिहायच्या, "हे कोणाला सांगतेयस?" आम्ही त्यांची नक्कल करायचो. मार्च २०२० ची सुरुवात होती. त्या परळला राहायच्या. चहा ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि पूर्ण उत्तरपत्रिका वाचली. मग म्हणाल्या, "मला ऑडिट येत नाही. पण हे वाचून तुलाही येत असेल असं वाटत नाही."

एक प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. कंपनीचं मॅनेजमेंट ऑडिटरला म्हणतं, आमच्या अमुक देणेकऱ्याला येणे रकमेची खात्री मागणारं पत्र पाठवू नका. ऑडिटरने काय करायचं? हे एसए ५०५ या ऑडिटच्या स्टँडर्डमधलं आहे आणि मला ते पाठ होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. मी लिहिलं होतं, ऑडिटरने नीट तपासणी करावी आणि योग्य ती पावलं उचलावीत. तेही मराठी शाळेतल्या इंग्रजीत, एकाच लांबलचक वाक्यात. बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "योग्य ती म्हणजे कुठली?" मी सांगायला लागले. नकाराचं कारण विचारायचं, ते खरं आहे का याचा पुरावा मागायचा, यात लबाडीचा धोका आहे का ते तोलायचं, दुसऱ्या मार्गाने खात्री करायची, आणि कारण पटलं नाही तर कंपनीच्या कारभाऱ्यांच्या कानावर घालायचं. बाई म्हणाल्या, "अगं, मग हे लिहिलं का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोक्यात होतं ते हातात उतरलं नव्हतं, कारण हाताला कधी संधीच दिली नव्हती.

ठरलं असं, की रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहायचं आणि शनिवारी बाईंना नेऊन दाखवायचं. एक शनिवार झाला, दुसरा झाला, आणि लॉकडाऊन लागलं. वरळी कोळीवाडा सील झाला, आमच्या चाळीच्या काही इमारतींना बांबू लागले, अभ्यास गल्ली ओस पडली. मे २०२० ची परीक्षा पुढे पुढे जात शेवटी नोव्हेंबरमध्ये मिसळली. पाच माणसं चोवीस तास त्या १६० चौरस फुटांत. मी बाईंना फोन केला की आता कसं करू. त्या म्हणाल्या, "फोटो काढून पाठव की. फोन कशाला दिलाय तुला?"

तेव्हापासून रोज रात्री एक पान व्हॉट्सअॅपवर. बाईंना विषय येत नव्हता, म्हणून त्या बरोबर-चूक सांगूच शकत नव्हत्या. त्या फक्त वाचायच्या, आणि कळलं तर अंगठा, नाही कळलं तर प्रश्न. "दुसऱ्या मुद्द्यात 'इट' कोण?" "हे वाक्य संपतं कुठे?" एकदा नुसतं, "दमलीस का? अक्षर सांगतंय." सुरुवातीला आठवड्याला एखादा अंगठा मिळायचा. गणपतीच्या सुमारास रोज मिळायला लागला. नोव्हेंबर २०२० ला मास्क लावून पेपर दिले, ऑडिटला ५७ पडले.

माझं म्हणणं एवढंच आहे. लेक्चर जरूर बघा, इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजचे मोफत लाइव्ह वर्ग आहेत, स्टडी मटेरियल, आरटीपी म्हणजे उजळणीचे सराव पेपर, मॉक टेस्ट, जुन्या पेपरांची सजेस्टेड आन्सर सगळं पोर्टलवर फुकट मिळतं. घरी पैसे नसतील तर महागडा क्लास न लावल्याने काही अडत नाही. पण रोज एक पान तरी असं लिहा जे दुसरं माणूस वाचणार आहे. ते माणूस सीए असायची गरज नाही. काका चालतील, बँकेतून रिटायर झालेले शेजारी चालतील. एआयला दाखवलं तर काय, असं एका मुलाने विचारलं. दाखव बाबा. पण माझी अडचण अशी, की त्याला सगळंच कळतं. माझं अर्धं वाक्य तो पुरं करून घेतो. परीक्षक घेत नाही.

आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, पहिले काही महिने घरून. शिलाई मशीनच्या झाकणावर लॅपटॉप, मागे कुकरच्या शिट्ट्या. नंतर फोर्टचं ऑफिस. इथे तंत्रज्ञानाची बाजू घेतलीच पाहिजे. जीएसटीचं २बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, ते क्लायंटच्या खरेदीशी जुळवायचं. मी ते एक्सेलच्या व्हीलूकअप फॉर्म्युल्याने एका संध्याकाळी करायचे. सीनियर म्हणायचे, हाताने केलं असतं तर आठवडा गेला असता. टॅली आणि एक्सेल बारावीच्या सुट्टीतच शिकून घ्या, नंतर वेळ मिळत नाही.

पण ३१ मार्च २०२२ ची गोष्ट सांगते. भिवंडीच्या एका गोदामात स्टॉक मोजायला गेलो होतो. उकाडा, पुठ्ठ्यांची धूळ, वर चढायला डुगडुगती शिडी. मी खोके मोजून कागदावर चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा मारत होते. रात्री ते आकडे शीटमध्ये टाकले, आणि फिल्टर लावलेला असताना सरळ पेस्ट केले. ज्यांनी केलंय त्यांना कळलं असेल. अर्धे आकडे लपलेल्या ओळींवर जाऊन बसले. सकाळी फरक लाखांत. माझे प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्याकडे आर्टिकलशिप करत होते ते सीए, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मोजलेला कागद कुठाय?" कागद पर्समध्ये होता, घडी घातलेला, घामाने पुसट झालेला. त्यावरून तासाभरात सगळं सरळ झालं. कच्चा कागद टाकायचा नाही, हे मला कुठल्या स्टँडर्डने शिकवलं नाही.

आता नियम बदललेत, तेव्हा माझ्या वेळचं तंतोतंत धरू नका. मी एक ग्रुप काढून आर्टिकलशिपला लागले होते, आता इंटरचे दोन्ही ग्रुप आधी काढावे लागतात. माझी तीन वर्षं होती, तुमची दोन. इंटर आणि फायनलला आठ-आठ पेपर होते, आता सहा-सहा. आर्टिकलशिप संपल्यावर फायनलपर्यंत सहा महिने मिळतात, हे फार चांगलं झालं. आम्ही ऑफिसची बॅग आणि पुस्तकांची पिशवी दोन्ही खांद्यांवर घेऊन लोअर परळला गाडीत घुसायचो. फाउंडेशन आणि इंटरच्या परीक्षाही वर्षातून तीनदा होतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. यात एक धोका मला दिसतो. "ही नाही तर पुढची" म्हणायला फार सोपं झालंय.

फायनलचा पहिला ग्रुप नोव्हेंबर २०२३ ला निघाला, दुसरा मे २०२४ ला, नव्या अभ्यासक्रमात. त्यात सहावा पेपर पुस्तकं उघडी ठेवून लिहायचा असतो. सेंटरवर लोक गावाला निघाल्यासारख्या बॅगा घेऊन आले होते. एका मुलीची चाकांची ट्रॉली होती. मीही सहा पुस्तकं नेली, रंगीत चिठ्ठ्या लावून. चार तासांत एक पुस्तक दोनदा उघडलं, दुसऱ्यांदा उघडलं ते पहिल्यांदा सापडलं नाही म्हणून.

शेवटी फोनवर हमखास येणारा प्रश्न, काय काय विकत घेऊ. लॅपटॉप आत्ता नको, फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, तो लागत नाही. कॅल्क्युलेटर घ्या. परीक्षेत १२ आकड्यांपर्यंतचा, बॅटरीवर चालणारा, आवाज न करणारा चालतो. एम प्लस आणि जीटीची, म्हणजे बेरीज साठवणारी, बटणं नीट शिकून घ्या, मॉकला तोच वापरा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलू नका. मी बदलला होता. नव्याचा शून्य वेगळ्या जागी होता. आणि अभ्यास गल्लीत बसणार असाल तर सप्टेंबरपर्यंत ओडोमॉस लावूनच जा.